१६-० ची बातमी, न्यू कॅलेडोनियाची पोरं आणि गुवाहाटीतली ती संध्याकाळ

ब्रह्मपुत्रा_ते_बोरिवली
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

काल कतारमध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात मोरोक्कोनं न्यू कॅलेडोनियाला, म्हणजे पॅसिफिकमधल्या एका छोट्याशा बेटाला, १६-० हरवलं. सकाळपासून तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच स्कोअर फिरतोय, खाली हसण्याच्या इमोजींची रांग, एकानं विचारलं हा फुटबॉलचा स्कोअर आहे का टेबल टेनिसचा. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं, राहवलं नाही म्हणून धागा काढतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ह्या १६-० च्या तीनच दिवस आधी ह्याच पोरांनी जपानला ०-० वर रोखलं होतं. जपान म्हणजे स्पर्धेतल्या ह्यांच्या ग्रुपमध्ये पहिला आलेला संघ, मोरोक्कोला २-० आणि पोर्तुगालला २-१ हरवणारा. ती बातमी मात्र एकाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली नाही. आणि ही पहिली वेळ पण नाही, २०१७ ला आपल्याकडे वर्ल्ड कप झाला तेव्हा पण न्यू कॅलेडोनियानं जपानला १-१ रोखलं होतं, कोलकात्यात, सॉल्ट लेकला. वर्ल्ड कपच्या मेन स्पर्धेत ह्या वयोगटात त्यांना आजवर मिळालेले पॉइंट दोनच, आणि दोन्ही जपानकडून.

२०१७ ला मी नोकरीनिमित्त गुवाहाटीला होतो. त्यांच्या पहिल्या दोन मॅच तिथेच होत्या, सरुसजाईच्या स्टेडियमवर. ८ ऑक्टोबर, रविवार, पाचची मॅच, समोर फ्रान्स. शहरात सगळं वातावरण क्रिकेटचं, कारण दोनच दिवसांनी तिथल्याच बारसापारा स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया ट्वेंटी-२० होती आणि जो तो त्या तिकिटांच्या मागे. मी लेकीला घेऊन गेलो, ती तेव्हा नऊ वर्षांची. तिकडे ऑक्टोबरात पाचलाच अंधारून यायला लागतं, आम्ही जागेवर बसेपर्यंत दिवे लागलेले होते. वाटेत तिला सांगितलं होतं की एक खूप मोठा देश आहे आणि एक खूप छोटं बेट, तर तिनं लगेच ठरवून टाकलं की आपण बेटाकडून.

हाफ टाइमला ६-०. त्यातले दोन तर त्यांनी स्वतःच्याच जाळ्यात घातलेले. लेक तिकिटाच्या मागच्या बाजूला पेनानं एकेक रेघ मारत होती, फ्रान्सच्या बाजूला सहा रेघा झाल्या आणि दुसरी बाजू कोरी. मला वाटलं आता म्हणेल घरी जाऊ. पण दुसऱ्या हाफमध्ये काय झालं माहिती नाही, ही पोरं अशी काही पळायला लागली की हळूहळू अख्खं स्टेडियम त्यांच्या बाजूनं झालं. आमच्या मागे कॉलेजच्या पोरी होत्या गळ्यात गामोसा, म्हणजे आसामी पंचा, घातलेल्या, त्यांना देशाचं नाव नीट म्हणता येत नव्हतं म्हणून त्या नुसतं "न्यू! न्यू!" ओरडत होत्या, बॉल त्यांच्या पायात आला की ओरडा सुरू. दुसऱ्या हाफमध्ये फ्रान्सला फक्त एक गोल मिळाला. आणि मॅच संपता संपता न्यू कॅलेडोनियानं एक मारला. फ्रान्सच्या सात गोलांना मिळून झाला नसेल एवढा आवाज त्या एकाला झाला. लेकीनं कोऱ्या बाजूला एक रेघ मारली, पेन इतकं दाबून की तिकीट फाटलं.

७-१ ने हरले हो, मान्य. पण आकडा वाचून त्या संध्याकाळचं काहीच कळत नाही, एवढंच म्हणायचंय.

पेठेतला_दहा_नंबर
१० नोव्हेंबर, रात्री १०:१५

भावा काटा आला वाचून. ते १४ ऑक्टोबरचं पण सांग की, जपानचं. आम्ही तेव्हा सगळे भारताच्या मॅचमध्ये गुंतलेलो कारण आमचा अनिकेत जाधव खेळत होता त्या टीममध्ये, रिक्षावाल्याचं पोरगं कोल्हापूरचं, वर्ल्ड कपात! अख्ख्या गावाला कोण कौतुक होतं. पण आपल्या तीन मॅचचा निकाल आठवतोय का, अमेरिका ३-०, कोलंबिया २-१, घाना ४-०. पॉइंट शून्य. आपला एकच गोल, जॅक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर हेडर. त्यावेळी पेठेत फटाके वाजले होते, हरून सुद्धा. आपल्याला आपला एक गोल एवढा मोठा वाटला तर त्यांच्या एका पॉइंटला हसायचा आपल्याला काय अधिकार आहे.

ब्रह्मपुत्रा_ते_बोरिवली
१० नोव्हेंबर, रात्री १०:४२

हो, तेच सांगायचं राहिलं. मधे ११ तारखेला होंडुरासकडून ५-० खाल्ले, म्हणजे दोन मॅचमध्ये बारा गोल. १४ तारखेची जपानची मॅच घरी टीव्हीवर बघितली, रात्री आठची. दिवाळी चार-पाच दिवसांवर, आमचा क्वार्टरच्या आवारात किल्ला चाललेला, लेकीचे हात मातीचे, ती दारातूनच विचारायची किती झाले. जपाननं सुरुवातीलाच एक घातला, नाकामुरानं, जो आज जपानच्या मोठ्या संघात खेळतो. मला वाटलं आता परत रेघा वाढणार. नाही वाढल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली, हाफ टाइम झाला, तरी १-० च. हे लोक नुसते मागे दाटी करून उभे नव्हते बरं का, बॉल मिळाला की पुढे जात होते. आणि ८३ व्या मिनिटाला जेकोब जेनोचं हेडर, १-१.

गंमत बघा, आपल्या जॅक्सनचा गोल ८२ व्या मिनिटाला, ह्याचा ८३ व्या, दोन्ही डोक्यानं, पाच दिवसांच्या अंतरानं. मॅच संपल्यावर ती पोरं जी नाचली मैदानावर, स्पर्धेतून बाहेर पडलेला संघ आहे असं कुणालाही वाटलं नसतं.

हेच जपान पुढच्या फेरीत इंग्लंडशी ०-० खेळलं आणि पेनल्टीवर हरलं, आणि ते इंग्लंड पुढे चॅम्पियन झालं. म्हणजे जपान कच्चं होतं म्हणून बरोबरी झाली असं कुणी म्हणू नये, पुढे जपानचा स्टार झालेला कुबो पण त्याच संघात होता.

आकडेमोड
११ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

भावना समजल्या, पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी सगळे स्कोअर एकत्र केले. २०१७: १-७, ०-५, १-१. २०२३ इंडोनेशिया: इंग्लंड १०-०, ब्राझील ९-०, इराण ५-०. २०२५: पोर्तुगाल ६-१, जपान ०-०, मोरोक्को १६-०. नऊ मॅच, केलेले गोल ३, खाल्लेले ५९. आता मला सांगा, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दर वेळी असं समोर उभं करणं हे त्यांच्यासाठी चांगलं आहे का? माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, क्लबकडून खेळायचा, मागच्या वर्षी ८-० ने हरले तेव्हापासून मैदानावर गेलेला नाही. १६-० नंतर त्या गोलकीपरचं काय झालं असेल ह्या विचारानं मला काल झोप लागली नाही. मी हसत नाहीये, मला काळजी वाटते. आधी त्यांच्या भागात पुरेसं खेळू द्या, तयार झाल्यावर बोलवा.

ऑकलंडची_मृण्मयी
११ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

तुमची काळजी खरी आहे, पण "तयार झाल्यावर बोलवा" ह्याच्याशी सहमत नाही. मी गेली चौदा वर्षं न्यूझीलंडला आहे, मुलगा इथल्या ज्युनियर फुटबॉलमध्ये आहे म्हणून ओशनियाचं, म्हणजे पॅसिफिकच्या बेटांचं फुटबॉल थोडं जवळून बघते.

तयार होणार कुणाशी खेळून? ओशनियात न्यूझीलंड सोडलं तर सगळी बेटंच. फिजी, ताहिती, सॉलोमन, वानुआतू, सामोआ. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर विमान, ते पण बऱ्याचदा ऑकलंड नाहीतर ब्रिस्बेनवरून वळसा घालून. एक फ्रेंडली मॅच ठेवायची तरी अख्ख्या संघाचं विमानभाडं. आपल्याकडे पुण्याची टीम रात्रीच्या बसनं कोल्हापूरला जाऊन खेळून येते तसं तिथे शक्यच नाही. त्यामुळे ह्या मुलांना जपान, पोर्तुगाल अशा वेगाचा फुटबॉल आयुष्यात पहिल्यांदा दिसतो तो थेट वर्ल्ड कपात.

आणि १६-० च्या आधीचा रेकॉर्ड कुणाच्या नावावर होता माहितीये का? न्यूझीलंडच्या. १९९७ ला इजिप्तमध्ये स्पेननं १३-० हरवलं होतं, ह्याच सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत. तेव्हा कुणी म्हणालं असतं की ह्यांना घेऊ नका, तर पुढे २००९, २०११, २०१५ ला हेच न्यूझीलंड नॉकआउटला गेलं ते गेलंच नसतं. २०१७ च्या ओशनिया फायनलला न्यूझीलंडनं न्यू कॅलेडोनियाला ७-० हरवलं होतं, ताहितीत. मग दोघं भारतात आले आणि दोघांना पॉइंट मिळाला एकेकच. मला ते तेव्हा फार भारी वाटलं होतं, इथे राहून सुद्धा.

वाशीकर
११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

न्यूझीलंडच्या त्यातल्या पहिल्या दोन मॅच आमच्याकडे होत्या, नेरूळला डी वाय पाटीलवर. तुर्कीबरोबर १-१ झाली ती मी ऑफिसमधून हाफ डे टाकून बघितली होती.

एक शंका आहे, न्यू कॅलेडोनियाला देश म्हणता येईल का? ते फ्रान्सचंच आहे ना?

ब्रह्मपुत्रा_ते_बोरिवली
११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

@वाशीकर, बरोबर पकडलंत. फिफाचे ते २००४ पासून सदस्य आहेत म्हणून स्वतःच्या नावानं खेळतात, पण राज्य फ्रान्सचं. पॅरिसपासून सोळा-सतरा हजार किलोमीटर लांब, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. स्वातंत्र्यावर तीन वेळा मतदान झालं, २०१८, २०२०, २०२१. पहिल्या वेळी साधारण ५७ टक्के लोक फ्रान्सबरोबर राहायचं म्हणाले, दुसऱ्या वेळी ५३, आणि तिसऱ्या वेळी स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कारच टाकला. तिथले मूळ लोक कनाक, त्यांच्यातले बरेच जण स्वातंत्र्याच्या बाजूचे. गेल्या वर्षी मे महिन्यात मतदार यादीच्या कायद्यावरून राजधानी नुमेआत मोठा हिंसाचार झाला, जाळपोळ, आणीबाणी, माणसं मेली. कतारला खेळली ती पोरं तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. कर्फ्यूमध्ये प्रॅक्टिस कशी केली असेल?

म्हणजे त्या रविवारी गुवाहाटीत दोन्ही बाजूंच्या पोरांच्या खिशात पासपोर्ट एकच, फ्रान्सचा. आणि ह्याचाच दुसरा अर्थ असा की तिकडचा जो सगळ्यात चांगला निघतो तो फ्रान्सला जातो आणि फ्रान्सकडूनच खेळू शकतो. करँब्यू आठवतो का? १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला, केसांच्या जटा असलेला. तो लिफू बेटावरचा, न्यू कॅलेडोनियाचा, सतराव्या वर्षी फ्रान्सला गेला. तो फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणायचा नाही, कारण त्याच्या पणजोबांना १९३१ ला पॅरिसच्या वसाहतींच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं नेऊन लोकांसमोर "रानटी" म्हणून मांडलं होतं, माणसांना! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून होतो. त्याच्याही आधी झिमाको फ्रान्सकडून खेळला, तोही लिफूचा. पॅरिस सेंट जर्मेनचा कोच होता तो कोंबुआरे नुमेआचा. एवढ्याशा बेटानं एवढी माणसं दिली, फक्त त्यांचे गोल दुसऱ्याच्या खात्यात गेले.

पेठेतला_दहा_नंबर
११ नोव्हेंबर, रात्री ९:५५

पावणेतीन लाख म्हणजे आमच्या कोल्हापूर शहराच्या निम्मे की हो! निम्म्या कोल्हापूरनं जपानला दोनदा अडवलं असं समजा म्हणजे कळेल किती मोठी गोष्ट आहे ती.

@आकडेमोड दादा, तुमच्या मुलाचं वाचून बोलावंसं वाटलं. मी चौदा-पंधराचा असताना शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या ज्युनियर टीमनं नऊ खाल्ले होते आणि मी होतो मागे, डिफेन्सला. पाचव्या गोलनंतर माझे पाय थरथरत होते, पळायचं म्हटलं तरी पळवेना. मॅच संपल्यावर समोरच्या टीमचा मोठा खेळाडू आला, त्यानं माझी लेस सुटलेली होती ती खाली बसून बांधली आणि म्हणाला शेवटपर्यंत टॅकल सोडला नाहीस. बास. एवढंच. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर होतो. पोरगं हरल्यानं खेळ सोडत नाही दादा, हरल्यावर जे हसतात ना, त्यांच्यामुळं सोडतंय. म्हणून मला ह्या इमोजीवाल्यांचा राग येतो.

आकडेमोड
११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

हे वाचून मुलाला दाखवलं. धन्यवाद. माझं मत थोडं बदलतंय, पण एक विचारतो, मोरोक्कोनं दहा झाल्यावर थांबायला नको होतं का?

ऑकलंडची_मृण्मयी
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

त्यांना थांबून चाललं नसतं हो. ह्या वर्षीपासून स्पर्धेत ४८ संघ, चार-चारचे बारा ग्रुप. प्रत्येक ग्रुपमधले दोन पुढे आणि बारा तिसऱ्यांपैकी सगळ्यात चांगले आठ पुढे. मोरोक्को आधी जपानकडून २-० आणि पोर्तुगालकडून ६-० हरलेलं, म्हणजे गोलफरक उणे आठ. शेवटची मॅच जिंकून तीन पॉइंट होणार, पण बाकीच्या तिसऱ्या संघांपुढे उणे आठनं टिकले नसते. म्हणून दहा झाल्यावर पण बॉल जाळ्यातून उचलून पळत सेंटरला न्यायचा, हेच गणित. नियमच असा आहे की समोरच्याला जेवढं तुडवाल तेवढा तुमचा फायदा. मला नियम पटत नाही, पण मोरोक्कोच्या मुलांना दोष देववत नाही. आणि समोर कोण होतं ते पण बघा, ज्या देशानं गेल्याच महिन्यात चिलीत वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला अर्जेंटिनाला हरवून. त्यांच्याकडे अकादमी आहे, वसतिगृह आहे, पोरं दहा-बारा वर्षांची असल्यापासून तिथे वाढतात.

पण ४८ झाले म्हणूनच ओशनियाला तिसरी जागा मिळाली आणि न्यू कॅलेडोनिया आलं, हे पण खरं. आधी दोनच जागा होत्या.

फातोर्डा
१२ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

गोव्यातून लिहितो. २०१७ ला इराण आमच्याकडे खेळलं होतं, जर्मनीला ४-० हरवलं त्यांनी फातोर्ड्याला, मी स्टँडमध्ये होतो, विश्वासच बसत नव्हता. त्यामुळे २०२३ ला इराणनं न्यू कॅलेडोनियाला ५-० हरवलं ह्यात मला तरी लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

बेटांचा विषय निघालाच आहे तर फिजीचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. २०१५, वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप, न्यूझीलंडमध्ये. पहिल्या मॅचला जर्मनीनं ८-१ हरवलं. सगळे म्हणाले झालं, संपलं. दुसऱ्या मॅचला त्याच पोरांनी होंडुरासला ३-० हरवलं! आठ खाऊन आलेला संघ तीन दिवसांत उभा राहतो आणि तीन गोलनी जिंकतो. तुम्ही मधेच बाहेर काढलं असतं तर ही मॅच झालीच नसती. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकला त्यांचा तेवीस वर्षांखालचा संघ गेला, तिथे कोरिया ८-०, जर्मनी १०-०, पण मेक्सिकोविरुद्ध एक गोल केला, रॉय कृष्णानं. आधी १-० ने पुढे होते ते!

रॉय कृष्णा म्हणजे आपला आयएसएलवाला, इंडियन सुपर लीगमधला. फिजीत इंग्रजांनी भारतातून उसाच्या मळ्यांत कामाला नेलेल्या गिरमिटियांचे वंशज, तिथला फुटबॉल बराचसा ह्याच लोकांनी उभा केला, संघटनेचं पहिलं नावच फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन असं होतं. त्यांचा पोरगा शंभर वर्षांनी उलटा भारतात आला आणि २०२० ला आमच्या फातोर्ड्याला कोलकात्याच्या एटीके क्लबकडून आयएसएल ट्रॉफी उचलली, कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं, आम्ही गेटबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून आवाज ऐकत होतो. माझ्या दृष्टीनं त्या ट्रॉफीची सुरुवात अशाच कुठल्यातरी ८-० च्या मॅचमध्ये झालेली असते.

वाशीकर
१२ नोव्हेंबर, दुपारी ३:००

न्यू कॅलेडोनियाचा मोठा संघ पण ह्या मार्चमध्ये ओशनियाच्या फायनलला होता ना? न्यूझीलंडकडून ३-० हरले, पण २०२६ च्या वर्ल्ड कपसाठीच्या प्लेऑफमध्ये जागा मिळाली त्यांना. हे आत्ता बघितलं, माहितीच नव्हतं.

ब्रह्मपुत्रा_ते_बोरिवली
१२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

हो, आणि तो संघ २०१७ च्या पिढीशिवाय उभा राहिला नसता असं मला वाटतं. गुवाहाटीत सात खाल्लेले.

आकडेमोड
२८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

धागा वर आणतोय. काल पोर्तुगालनं ऑस्ट्रियाला १-० हरवून वर्ल्ड कप जिंकला. म्हणजे न्यू कॅलेडोनियाचा ह्या स्पर्धेतला एकुलता एक गोल चॅम्पियन संघाविरुद्ध आहे, आणि एकुलता एक पॉइंट ग्रुपमध्ये पहिल्या आलेल्या संघाविरुद्ध. माझ्या वहीत ५९ च्या शेजारी हे पण लिहून ठेवलंय. मुलगा कालपासून परत प्रॅक्टिसला जातोय.

@ब्रह्मपुत्रा, तुमच्या मुलीच्या त्या किल्ल्याचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही तुम्ही.

ब्रह्मपुत्रा_ते_बोरिवली
२८ नोव्हेंबर, रात्री ९:२५

तुमच्या मुलाचं वाचून फार बरं वाटलं.

किल्ल्याचा फोटो जुन्या हार्ड डिस्कमध्ये शोधून काढला. लाल माती, वर मोहरी उगवून आलेली, बोरिवलीहून नेलेले मावळे, सिंहासनावर महाराज, हे सगळं नेहमीसारखंच. पण मागच्या बुरुजावर पुठ्ठ्याचा एक राखाडी पक्षी उभा आहे. न्यू कॅलेडोनियाच्या संघाला कागू म्हणतात, फक्त त्यांच्याच बेटावर सापडणारा, उडता न येणारा पक्षी आहे तो. जपानच्या मॅचनंतर रात्री साडेदहाला तिनं तो कापायला घेतला, मी झोप म्हणालो तर म्हणाली बेटाचा एक माणूस किल्ल्यावर हवाच. बुरुजाच्या खाली खडूनं १-१ लिहिलंय, आणि शेजारी चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून ते फाटलेलं तिकीट.

आता ती सतरा वर्षांची आहे, बारावीला, कतारला खेळलेल्या पोरांच्याच वयाची. फोटो दाखवला, बराच वेळ झूम करून बघत बसली. मग म्हणाली, बाबा, कागूची चोच लाल असते, मी पिवळी केली होती.